काळ्या कणांचा माग

गोराईहून परळला जायचं तर आजही आधी खाडी ओलांडावी लागते, नाहीतर उत्तन-भाईंदरवरून भला मोठा वळसा पडतो. होडीने पलीकडचा धक्का, तिथून बोरिवली स्टेशन, मग लोकलने प्रभादेवी म्हणजे जुनं एल्फिन्स्टन रोड, आणि पुढे पायी केईएम नाहीतर टाटा रुग्णालय. उपनगरातल्या कित्येकांनी ही वाट धरली ती अंगावरच्या एखाद्या डागापायी. पाठीवर, दंडावर किंवा गालावर कातडी फिकी पडलेली असते. घरात कोणी म्हणतं शिबं आहेत, कोणी म्हणतं कोड, आणि तिसरं नाव सगळ्यांच्या मनात असूनही कोणी तोंडातून काढत नाही. डॉक्टर टाचणी टोचून पाहतात, कापसाचा बोळा फिरवून पाहतात, आणि शंका उरलीच तर तुकडा काढून तपासायला पाठवतात.

तीन-चार मिलिमीटरचा तो तुकडा मेणात बसवला जातो, त्याचे मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याइतके पातळ काप निघतात, ते काचपट्टीवर चढतात आणि मग त्यांना रंग दिले जातात. यातले बहुतेक रंग युरोपात घडले. तिथल्या गोऱ्या कातडीत मेलॅनिनचे कण इतके तुरळक की नेहमीच्या रंगात ते नजरेत भरत नाहीत, म्हणून त्यांना काळं करून दाखवणारी रसायनं तिथे कामी आली. आपल्या कातडीत ते कण रंग न देताही दिसतात. त्वचेच्या वरच्या पापुद्र्याच्या तळाशी पेशींची जी एक ओळ असते, तिथे प्रत्येक केंद्रकावर तपकिरी टोपी घातल्यासारखे ते बसलेले असतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून केंद्रकातल्या डीएनएचं रक्षण करतात. त्यामुळे मुंबईतल्या विकृतिशास्त्रज्ञांपुढे आलेला प्रश्न युरोपातल्या प्रश्नाच्या नेमका उलट होता. इथे विचारायचं होतं की रंग गेला कुठे, आणि जिथे तो दाट आहे तिथे त्याच्याआड काय दडलं आहे. माझ्या मते या शहराच्या वैद्यकीय इतिहासातला हा फार मोलाचा आणि फार दुर्लक्षित धागा आहे.

धाग्याचं पहिलं टोक हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या हातात सापडतं. ‘ग्रेज ॲनॅटमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रं ज्यांनी काढली ते हे कार्टर. १८५८ साली ग्रंथ बाहेर पडला त्याच वर्षी ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. पुढे काही वर्षं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. चित्रकाराची नजर आणि शवविच्छेदनाचा हात घेऊन आलेल्या या माणसाने मुंबईतल्या कुष्ठरुग्णांच्या नसा तपासल्या आणि रोग कातडीइतकाच नसांचाही आहे हे चित्रांसह मांडलं. १८७३ मध्ये ते नॉर्वेला जाऊन हॅन्सन यांना भेटले. हॅन्सन यांनी कुष्ठाचे जंतू पाहिले ते त्याच वर्षी. कार्टर यांचं दुसरं मोठं काम मदुरा पायावरचं. या रोगात पाय सुजतो, भोकं पडतात आणि त्यातून काळे दाणे बाहेर येतात. हा बुरशीचा आजार आहे हे कार्टर यांनी ओळखलं. त्या दाण्यांचा काळेपणा बुरशीने स्वतः तयार केलेल्या मेलॅनिनचा असतो, हे पुढच्या पिढ्यांना कळलं. कार्टर यांच्याकडे ते दाखवणारा रंग नव्हता. त्यांच्याकडे पेन्सिल होती, आणि तिच्या जोरावर ते जितकं पुढे गेले तितकं त्या काळात फार थोडे गेले.

त्या काळात काळा दिसणारा कुठलाही कण मेलॅनिन समजला जाई. हिवतापाने मेलेल्या माणसाच्या प्लीहेतला काळा कणही वैद्य मेलॅनिनच मानत. तो खरं तर जंतूने रक्तातलं हिमोग्लोबिन पचवून टाकलेला गाळ. रोनाल्ड रॉस यांना १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हाच कण दिसला आणि हिवतापाचं कोडं सुटलं. काळ्या-तपकिरी कणांची जात नीट ओळखणं किती महत्त्वाचं, हे यावरून लक्षात यावं.

मुंबईत मात्र तेव्हा कणांपेक्षा माणसांचा प्रश्न मोठा होता. रस्त्यांवर बेघर कुष्ठरोगी मोठ्या संख्येने होते. १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांनी माटुंग्याला त्यांच्यासाठी आश्रम उघडला. वडाळ्याचं आजचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठी वाचकाला ॲकवर्थ वेगळ्या कारणानेही ठाऊक असायला हवेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत त्यांनी मराठी पोवाडे गोळा केले आणि १८९१ मध्ये छापून काढले. शाहिरांच्या तोंडचे पोवाडे उतरवून घेणं आणि फुटपाथवरच्या कुष्ठरोग्याला छप्पर देणं ही एकाच माणसाची त्याच दोन-तीन वर्षांतली कामं आहेत. आश्रमाचा वैद्यकीय कारभार डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्याकडे होता. पुढे प्लेगच्या साथीत ज्यांचं नाव झालं तेच हे चोक्सी.

आश्रम शहरातल्या बेघरांसाठी होता. गोराई तेव्हा शहरात नव्हतीच. साष्टीचा हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत होता आणि गोराई-मनोरी बृहन्मुंबईत आली ती थेट १९५७ मध्ये. म्हणजे इथल्या कोळ्याच्या किंवा ईस्ट इंडियन शेतकऱ्याच्या अंगावर डाग उठला तर त्याचं निदान गाव करी, आणि गावाच्या निदानावर अपील नसे. गावच कशाला, सरकारही चाचपडत होतं. इंग्रजी अमदानीतल्या शिरगणतीत कुष्ठरोगी मोजले जात, आणि ज्यांना फक्त पांढरं कोड आहे त्यांना या यादीत धरू नका, असं मोजणीदारांना मुद्दाम बजावावं लागे. बजावूनही चुका होत. कोडाने कोणाची बोटं झडत नाहीत, कोड कोणाला लागत नाही, त्यात बधिरपणा नसतो. तरीही कोड असलेल्या मुलीचं लग्न मोडे आणि कोड असलेला गडी कामावरून काढला जाई, कारण पाहणाऱ्याला दोन्ही रोग एकच वाटत. हा अन्याय नजरेच्या चुकीतून होत होता. ती चूक दाखवू शकणारी साधनं जगात दुसरीकडे आकार घेत होती.

१८६७ मध्ये जर्मनीत पेर्ल्स यांनी ऊतींतलं लोह निळं करून दाखवणारी क्रिया दिली. रक्त साकळून तयार झालेला तपकिरी कण तिच्यात निळा होतो, मेलॅनिन होत नाही. पुढच्याच दशकात हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही जोडी आली. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघणारा निळा-जांभळा रंग आणि एक कृत्रिम गुलाबी रंग. आजही जगातला जवळजवळ प्रत्येक तुकडा पहिल्यांदा या दोन रंगांतच बुडतो. १९१२ मध्ये इटलीतले त्वचारोगतज्ज्ञ आर्तुरो फॉन्ताना यांनी उपदंशाचे जंतू दिसावेत म्हणून अमोनियायुक्त चांदीचं द्रावण वापरलं, आणि १९१४ मध्ये फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासों यांनी तशाच द्रावणाने आतड्यातल्या काही खास पेशी काळ्या करून दाखवल्या. दोघांचाही रोख मेलॅनिनवर नव्हता. तरी दोघांची नावं जोडून तयार झालेली फॉन्ताना-मासों पद्धत ही मेलॅनिनची सर्वांत विश्वासार्ह ओळख ठरली, कारण मेलॅनिनच्या अंगी एक विशेष गुण आहे. बाहेरून कोणतंही दुसरं रसायन न घालता ते चांदीच्या क्षारातून धातूरूप चांदी स्वतःच खेचून काढतं आणि तिने काळंकुट्ट होतं.

ही पद्धत कागदावर सोपी आहे, हाताला कठीण. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया थेंब थेंब टाकायचा. आधी गढूळ साका येतो, मग तो विरघळू लागतो, आणि द्रावण किंचित दुधाळ असतानाच हात थांबवायचा. एक-दोन थेंब जास्त पडले की चांदी मेलॅनिनकडे वळतच नाही. काचेच्या भांड्यावर नळाच्या पाण्याचा अंश जरी राहिला तरी क्लोराइडने सगळं पांढरं होतं. काप अंधारात रात्रभर ठेवायचे, किंवा साठ अंशांच्या आसपास तापवून तास-दोन तासांत काम उरकायचं. नंतर गोल्ड क्लोराइडचं पाणी, आणि शेवटी हायपो. फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत वापरायचे तेच हायपो. उरलेलं अमोनियायुक्त चांदीचं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, कारण ते नुसतं पडून राहिलं तरी स्फोट होऊ शकतो. मुंबईच्या मे महिन्यात मेण मऊ होतं, कापांना सुरकुत्या पडतात, मायक्रोटोमवर मेणाचा ठोकळा बसवण्याआधी बर्फावर धरावा लागतो. शोधनिबंधावर डॉक्टरांची नावं छापली जातात. अहवालाची खरी भिस्त मात्र त्या तंत्रज्ञाच्या हातावर असते, ज्याला द्रावण कधी थांबवायचं हे डोळ्यांनी कळतं. या लोकांचा इतिहास लिहिला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चांदी एवढंच सांगते की इथे मेलॅनिन आहे. ते कोणी तयार केलं हे ती सांगत नाही. तो प्रश्न सोडवला स्वित्झर्लंडच्या ब्रूनो ब्लॉख यांनी. १९१३ मध्ये बाझलच्या रोश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून डोपा नावाचं अमिनो आम्ल वेगळं काढलं होतं. ब्लॉख यांनी ताज्या कातडीचे गोठवलेले काप त्या डोपाच्या पातळ द्रावणात ठेवले, आणि तळाच्या ओळीत मधूनमधून फांद्या फुटलेल्या पेशी काळ्या होऊन उठल्या. रंग रक्तातून वर येतो की कातडीतच तयार होतो, हा जुना वाद होता. १९१७ च्या सुमारास ब्लॉख यांनी दाखवलं की कारखाना कातडीतच आहे. आज आपण त्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतो. गर्भावस्थेत त्या मज्जारज्जूच्या कडेवरून निघून कातडीत येऊन वसतात, आणि आपल्या फांद्यांच्या टोकांतून शेजारच्या पेशींना रंगाचे कण पुरवतात.

डोपाचा एक धागा आपल्या रानातही आहे. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर लोंबणारी, अंगाला लागली की आग करणारी खाजकुइली सगळ्यांना माहीत असते. तिच्या बियांत हाच डोपा भरपूर असतो, हे १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवून दिलं.

डोपाच्या चाचणीत एक अट होती, आणि ती गोराईसारख्या ठिकाणच्या माणसाला जाचक होती. तुकडा ताजा लागतो. फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पाठवलेल्या तुकड्यातलं डोपाला काळं करणारं विकर निकामी होऊन जातं, मग डोपा काही दाखवत नाही. चांदीचं तसं नाही. फॉर्मॅलिनमधून आलेला तुकडाही तिला चालतो. म्हणून दूरच्या रुग्णांचं निदान बहुधा चांदीवर झालं आणि डोपा मोठ्या संस्थांच्या संशोधनात राहिला.

त्या संशोधनातून निघालेला एक निष्कर्ष मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. १९५४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज साबो यांनी कातडीचा वरचा पापुद्रा अखंड सोडवून डोपाने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोसाइट मोजले. शरीराच्या भागाप्रमाणे त्यांची दाटी कमी-जास्त होती. चेहऱ्यावर ती मांडीपेक्षा कितीतरी अधिक होती. पण गोऱ्या माणसाच्या आणि काळ्या माणसाच्या त्याच जागच्या कातडीत त्यांची संख्या साधारण सारखीच भरली, चौरस मिलिमीटरला हजार ते दोन हजारांच्या घरात. फरक पडतो तो कणांच्या आकारात, प्रमाणात आणि ते शेजारच्या पेशींत किती काळ टिकतात यात. ज्या देशात वधूच्या जाहिरातीत रंग लिहिला जातो तिथे ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

आता परळ. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उभं राहिलं. इथे शिकवणारे सगळे भारतीयच असतील, ही देणगीमागची अट होती. लंडनहून विकृतिशास्त्राची पदवी घेऊन आलेले वसंत रामजी खानोलकर इथे प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचा विशेष हा की परदेशी पुस्तकातला रोग इथे शोधत बसण्याऐवजी इथल्या माणसाच्या राहणीतून त्यांनी रोग वाचला.

याचा उत्तम दाखला म्हणजे त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध. राहणीच्या सवयींमुळे भारतात होणारे तीन नवे कर्करोग त्यात मांडले आहेत. पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा, खैनी खाणाऱ्यांच्या ओठाच्या खाचेतला, आणि धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवरचा. तिसऱ्याची सुरुवात रंगाने होते. वर्षानुवर्षं त्याच जागी काचणाऱ्या धोतराखाली कमरेची कातडी आधी काळवंडते, मग मधूनमधून पांढरी पडते, जाड होते, खपल्या धरते. कुठे जखम होते ती भरत नाही, आणि त्या जखमेत कर्करोग उगवतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही सगळी वाटचाल दिसते. घर्षणाने तळाची ओळ दुखावते, तिच्यातले मेलॅनिनचे कण खाली आतल्या थरात सांडतात, तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि तशाच पोटात धरून बसतात. वरचा रंग उडालेला, खाली मात्र काळ्या कणांनी फुगलेल्या पेशी. साडीच्या परकराची नाडी एकाच जागी आवळत राहिल्याने बायकांच्या कमरेवर असाच कर्करोग झाल्याच्या नोंदी पुढे आल्या. घरातल्या आईच्या, आजीच्या कमरेवरचा काळा पट्टा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. बहुतेकींना त्याने काही होत नाही, पण तिथे न भरणारी जखम असेल तर दुर्लक्ष करू नये.

खानोलकरांचं दुसरं मोठं काम कुष्ठरोगावर. १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सुरुवातीच्या चट्ट्यांच्या ऊतिरचनेवरचा अहवाल प्रसिद्ध केला. रोग पुरता दिसू लागण्याआधी कातडीत काय घडतं, हा त्याचा विषय. कार्टर यांनी पेन्सिलीने ज्या नसा काढल्या होत्या, त्यांच्या बारीकातल्या बारीक शाखांपर्यंत खानोलकर रंगांच्या मदतीने पोचले. जंतू सर्वांत आधी नसांच्या तंतूंत शिरतात आणि तिथूनच पुढे सरकतात, हे त्यांनी आग्रहाने मांडलं. फिका चट्टा हा बाहेरचा फलक. मूळ घडामोड त्याच्या खाली, नसेभोवती जमलेल्या पेशींत असते.

इथेच कोड आणि कुष्ठ वेगळे होतात. मुरलेल्या कोडाच्या तुकड्यावर चांदी घातली तर तळाची ओळ कोरी राहते, आणि डोपा घातला तरी एकही फांदीदार पेशी उठत नाही, कारण मेलॅनोसाइट नाहीसेच झालेले असतात. कुष्ठाच्या फिक्या चट्ट्यात रंग विरळ होतो, पुरता जात नाही. काळे कण कमी असले तरी ओळ वाचता येते. खालच्या थरात मात्र नसांभोवती पेशींची गर्दी दिसते. जंतू पाहायचे तर फाइट यांच्या पद्धतीने काप रंगवतात. त्यात मेण काढताना झायलीनमध्ये शेंगदाण्याचं तेल मिसळलेलं असतं, म्हणजे जंतूचं मेणचट आवरण शाबूत राहतं आणि तो लाल रंग धरून ठेवतो. कुष्ठाचं निदान केवळ मेलॅनिनवरून कोणी करत नाही, करूही नये. बधिरपणा, जाड झालेली नस आणि जंतू हीच त्याची लक्षणं. पण एखादा डाग कोडाचा आहे, कुष्ठाचा नाही, हे ठामपणे सांगायला ती कोरी ओळ फार उपयोगी पडते.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. पुण्याच्या समर्थ घराण्यातल्या कमल रणदिवे यांनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, देशातली अशी पहिली. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठाच्या गाठींतून एक जंतू वाढवला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला गेला, आणि पुढे त्यापासून लसही तयार झाली. तो खुद्द कुष्ठाचा जंतू नसून त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी असल्याचं नंतर ठरलं. कुष्ठाचा जंतू आजही कोणाला बशीत वाढवता आलेला नाही.

याच संस्थेत काम केलेले के. प्रभाकरन पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले. तिथे १९६६-६७ च्या सुमारास त्यांनी विलक्षण दावा केला. ब्लॉख यांनी कातडीच्या पेशींत पाहिलेली डोपा काळा करण्याची क्षमता कुष्ठाच्या जंतूतही आहे, आणि त्याच्या इतर भावंडांत नाही. म्हणजे डोपा हीच जंतूची ओळखचिठ्ठी. कातडी आणि नसा या दोनच ठिकाणी हा जंतू का रमतो, याचंही उत्तर त्यात दिसू लागलं, कारण रंगाच्या पेशी आणि नसांच्या आवरणाच्या पेशी गर्भात एकाच मुळातून निघतात. काही वर्षं ही कसोटी जंतू ओळखायला वापरलीही गेली. मग इतरांनी शंका काढल्या की ही क्रिया जंतूच्या विकराची नसून सोबत आलेल्या मानवी ऊतीची असावी. आज निदानासाठी ती कोणी वापरत नाही. तरीही मला हा दावा या इतिहासातून वगळावासा वाटत नाही. परळमध्ये सुरू झालेल्या विचाराने जगभरच्या प्रयोगशाळांना काही काळ कामाला लावलं होतं.

आणि मग रंगच औषध झाला. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने १९५७ मध्ये जाहीर केलेलं क्लोफाझिमिन हे औषध मुळात एक तांबडा रंग आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठासाठी बहुविध औषधोपचार सुचवला, त्यातल्या तीन औषधांपैकी ते एक. त्याने रोग हटतो, पण कातडी आधी तांबूस आणि मग काळपट होते, आणि ज्या समाजात सावळेपणाचीही चर्चा होते तिथे काही रुग्णांनी नेमकं हेच औषध टाकून दिलं. हा काळेपणा मेलॅनिनचा की औषधाचा? उत्तर पुन्हा काचपट्टीनेच दिलं. मेलॅनिनचा एक कमकुवतपणा आहे. पोटॅशियम परमँगनेट आणि मग ऑक्झॅलिक आम्ल लावलं की ते धुऊन निघतं. पेशींत साठणारं मेदाचं तपकिरी द्रव्यही चांदीने काळं होतं, पण या धुण्याला ते दाद देत नाही. १९९० मध्ये सी. के. जॉब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की क्लोफाझिमिनच्या काळेपणात भक्षक पेशींतल्या अशा मेदयुक्त द्रव्याचा मोठा हात आहे. औषध थांबल्यावर तो काळेपणा महिन्यांनी, कधी वर्षांनी, ओसरतो.

हेच धुणं आपल्याकडे आणखी एका कामी येतं. मेलॅनोसाइटच्या कर्करोगात, म्हणजे मेलॅनोमात, पेशी कणांनी इतक्या काळ्या होतात की केंद्रकच दिसत नाही. रंग धुऊन काढल्याशिवाय निदान होत नाही. १९८० च्या दशकापासून प्रतिपिंडांवर आधारलेले रंग आले. एस-१०० आणि एचएमबी-४५ ही नावं विकृतिशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या तोंडी असतात. त्यात नेहमी वापरला जाणारा रंग तपकिरी आहे. तपकिरी मेलॅनिनवर तपकिरी खूण उमटली तर खरी कोणती आणि जुनी कोणती? म्हणून जिथे मेलॅनिन दाट आहे तिथे खूण लाल रंगाने करतात. आपल्याकडे मेलॅनोमा तुलनेने कमी होतो, आणि होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली, म्हणजे जिथे रंग कमी असतो तिथे. वाळूत अनवाणी चालणारा माणूस तळपायावरचा काळा डाग काटा मोडल्याची खूण समजतो आणि वर्ष घालवतो.

१९६६ मध्ये कॅन्सर रिसर्च सेंटर आणि टाटा रुग्णालय मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. खानोलकर १९७८ मध्ये गेले. १९७६ मध्ये डॉ. आर. गणपती यांनी सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टसारख्या संस्थांनी निदान झोपडपट्टीच्या गल्लीपर्यंत नेलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाहकायद्यांतून काढलं गेलं ते मात्र थेट २०१९ मध्ये, म्हणजे खानोलकरांच्या अहवालानंतर अडुसष्ट वर्षांनी. काचपट्टीवर जे दिसत होतं ते कायद्याच्या पुस्तकात पोचायला एवढा काळ लागला.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. कातडीवर फिका डाग दिसला आणि तिथे स्पर्श कमी जाणवत असेल, तर लपवू नका. जवळच्या महापालिका दवाखान्यात जा. कुष्ठाची औषधं सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरे होतात. डाग दुधासारखा पांढरा असून तिथे टाचणी नीट टोचत असेल, तर ते बहुधा कोड आहे. तेही डॉक्टरांना दाखवा, पण ते कोणाला लागत नाही. कोड असलेल्या माणसाच्या ताटात जेवायला आणि त्याच्या घरात सोयरीक करायला वैद्यकशास्त्राची काहीही हरकत नाही. तळपायावरचा काळा डाग वाढत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत असतील, तर काटा काढत बसू नका. तुकडा तपासून घ्या.